कुऱ्हाड कुठे गेली?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तो आणि त्याचे मित्र ‘डेमन स्लेयर’ या जपानी चित्रकथेने झपाटले आहेत. परवा त्याने मला तिचे पहिले प्रकरण वाचायला बसवले. वाचून मी गप्पच झाले. पहिल्या काही पानांतच एक अख्खे घर मारले जाते, वाचलेली बहीण राक्षशीण होते आणि ज्याला नायक म्हणायचे तो पोरगा एका अनोळखी माणसापुढे बर्फात लोटांगण घालून रडतो, वर त्याच्याच हातचा मार खातो. मुलांच्या मासिकात इतकी क्रूर सुरुवात कशासाठी? आणि अशा हरणाऱ्या नायकामागे मुले एवढी का लागतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : त्या प्रकरणाचे नावच ‘क्रूरता’ असे आहे. तेव्हा वाचताना तुम्हाला जे झाले, ते व्हावे अशीच लेखकाची इच्छा होती. पण क्रूरता कोणाची, हा प्रश्न प्रकरण संपेपर्यंत बदलत जातो. सुरुवातीला ती राक्षसाची वाटते, मग तलवारवाल्या माणसाची, आणि शेवटी असे वाटू लागते की त्या माणसाच्या कठोरपणात दुसरेच काही दडले होते. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या बदलात आहेत, म्हणून जरा तपशिलात जाते.

ही कथा जपानच्या ‘साप्ताहिक शोनेन जंप’मध्ये 15 फेब्रुवारी 2016 रोजी सुरू झाली. तिथे तिचे नाव ‘किमेत्सु नो याइबा’. लेखन आणि चित्रे दोन्ही कोयोहारू गोतोगे यांची. हे टोपणनाव आहे. गोतोगे लोकांसमोर येत नाहीत, स्वतःचे चित्र काढायची वेळ आली की चष्मा लावलेली मगर काढतात. ‘जंप’ हे शुएइशा प्रकाशनाचे नियतकालिक 1968 साली निघाले, पुढच्या वर्षी साप्ताहिक झाले आणि 1994 च्या अखेरीस त्याच्या एका अंकाच्या 65 लाखांवर प्रती छापल्या गेल्या. स्वस्त कागदाच्या त्या जाडजूड अंकात वीसेक मालिका एकाच वेळी चालतात. कोणती आवडली ते वाचक कळवतात, आणि जी मागे पडते ती काही महिन्यांत गुंडाळली जाते. म्हणून पहिल्या प्रकरणाला फार महत्त्व. नेहमीच्या प्रकरणाला एकोणीस-वीस पाने मिळतात, पहिल्याला साधारण पन्नास. एवढ्या पानांत अनोळखी वाचकाला पुढच्या सोमवारची वाट बघायला लावायची असते.

यासाठी अद्भुत मारामारीच्या कथांनी एक ठरलेली वाट पाडून ठेवली आहे : पहिल्या प्रकरणातच नायकाच्या हाती शक्ती द्यायची. 2001 साली सुरू झालेल्या ‘ब्लीच’मध्ये इचिगोला मृत्यूदूताची शक्ती पहिल्याच प्रकरणात मिळते. 2018 च्या ‘जुजुत्सु काइसेन’मध्ये युजी शापित बोट गिळतो आणि त्याच्या अंगात प्राचीन दुष्ट शक्ती शिरते. त्याच वर्षीच्या ‘चेनसॉ मॅन’मध्ये मेलेला देन्जी करवतीचा देह घेऊन उठतो. तिन्ही कथा उत्तम आहेत आणि तिन्हींत पहिले प्रकरण मिटताना मुलगा सुरुवातीला होता त्याहून ताकदवान झालेला असतो.

‘डेमन स्लेयर’च्या नायकाला, तंजिरो कामादोला, पहिल्या प्रकरणात काहीच मिळत नाही. उलट सगळे जाते. शेवटी त्याच्याकडे उरते ती ओनी झालेली बहीण आणि एका म्हाताऱ्याचा पत्ता. (ओनी म्हणजे जपानी लोककथांतला माणसे खाणारा राक्षस. यापुढे मीही ओनीच म्हणते.) अशा मुलात वाचकाने का गुंतावे? गोतोगेंचे उत्तर असे, की शक्ती नसताना हा मुलगा काय करतो ते बघा. त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टी हत्याकांड उघड होण्याआधीच्या पानांत मांडून ठेवलेल्या आहेत. तुम्ही ती पाने बहुधा भराभर उलटली असतील, सगळेच उलटतात. परत जाऊन ती सावकाश वाचा.

काळ तैशोचा, म्हणजे 1912 ते 1926 मधला. शहरांत वीज आणि आगगाडी आली आहे, पण डोंगरावरच्या घरांना त्याचे वारे लागलेले नाही. जपानी घरात हिवाळ्यात ऊब येई ती हिबाचीतल्या म्हणजे शेगडीतल्या कोळशाने, त्यामुळे कोळसा पाडणाऱ्याची गिऱ्हाइके ठरलेली असत. कामादो कुटुंब हेच काम करते. वडील आजारपणात गेले आहेत. आई आणि सहा भावंडे, तंजिरो सगळ्यात थोरला, वय तेरा. नववर्ष तोंडावर आले आहे, त्या दिवशी सगळ्यांना पोटभर मिळावे म्हणून तो बर्फ पडत असतानाही कोळसा विकायला निघतो. आई त्याच्या तोंडावरची काजळी पुसते. धाकटी दोघे बरोबर यायचा हट्ट धरतात, पण बर्फामुळे हातगाडी नेता येत नसल्याने त्यांना घरीच राहावे लागते. वाटेत बहीण नेझुको भेटते, सगळ्यात लहान भावाला पाठुंगळी घेऊन निजवून आणत असते. घरातली मोठी मुलगी वडील गेल्यावर काय काय अंगावर घेते, ते या एका चित्रात येते.

मग गाव. तंजिरोला बघताच लोक त्याला हाका मारतात, कोणी कोळसा मागतो, कोणी काम सांगतो. एका तरुणावर ताटली फोडल्याचा आळ आलेला असतो. तंजिरो तुकडे हुंगतो आणि हे मांजराचे काम असल्याचे सांगून त्याला सोडवतो. प्रसंग हलकाफुलका, पान-दीड पानाचा. पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या होतात. या मुलाचे नाक विलक्षण तीक्ष्ण आहे, आणि त्याच्या शब्दावर गावाचा विश्वास आहे. परतताना अंधार पडतो. साबुरो नावाचा म्हातारा त्याला हाक मारून घरात घेतो, रात्री ओनी फिरतात, आज इथेच झोप म्हणतो. तंजिरोला वाटते, बिचाऱ्याचे घरचे गेले, एकटेपणामुळे असे बोलत असेल. त्याचे मन राखायला तो थांबतो.

मला हे प्रकरण थोर वाटते ते इथपासून. तंजिरो वाचतो तो शौर्याने नाही आणि नशिबाने म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. तो एका एकट्या माणसाबरोबर रात्र काढतो, त्या चांगुलपणामुळे वाचतो. आणि त्याच रात्री, तो घरी नसताना, घर मारले जाते. एकाच कृतीने त्याचा जीव वाचवला आणि त्याच कृतीने त्याला घरच्यांपासून दूर ठेवले. गोतोगे यावर एक शब्दही भाष्य करत नाहीत. मुलांच्या साप्ताहिकात वाचकावर एवढा विश्वास टाकलेला क्वचित दिसतो.

आता तुम्ही म्हणता त्या क्रूरतेकडे येऊ. पानांकडे नीट बघितले तर हत्याकांड चित्रात नाहीच. ते घडते तेव्हा आपण तंजिरोबरोबर साबुरोच्या घरी झोपलेलो असतो. सकाळी त्याच्या नाकाला आधी रक्ताचा वास लागतो आणि मग दार दिसते. गावात गंमत म्हणून दाखवलेले तेच नाक इथे ही बातमी देते. दाराशी नेझुको पडलेली आहे, सगळ्यात धाकट्याला अंगाखाली घेऊन. ते चित्र भयंकर आहे, नाकारत नाही. पण मारणारा, मारण्याची रीत, किंचाळ्या यांतले काहीच मुलांना दाखवलेले नाही. दाखवले आहे ते थोरल्या मुलाने घरी परत येणे. तुम्ही गप्प झालात त्याचे कारण हे असावे असे मला वाटते. तुम्ही आई आहात, आणि त्या घराच्या दारात तुम्ही आईच्या जागेवरून बघितलेत.

पुढचा सगळा भाग बर्फात घडतो. नेझुकोचे अंग अजून गरम आहे म्हणून तंजिरो तिला पाठीवर घेऊन डोंगर उतरायला लागतो. प्रकरणाचे पहिलेच चित्र हे आहे, गोष्ट मधून सुरू होऊन मागे जाते. तिच्यात बदल होतो, दोघे कड्यावरून खाली बर्फात पडतात, ती त्याच्यावर झेप घेते आणि तो तिच्या दातांत कुऱ्हाडीचा दांडा अडकवून तिला हाका मारत राहतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येते. तेवढ्यात गियू तोमिओका येतो, ओनी मारणारा तलवारबाज. जपानमध्ये 1876 च्या हुकुमाने तलवार बाळगायला बंदी झाली होती, म्हणजे हा माणूस सरकारी नाही, कायद्याच्या बाहेरून आलेला आहे. पापणी लवते न लवते तोच नेझुको त्याच्या मुठीत असते.

तंजिरो आधी वाद घालतो. तिने कोणाला मारलेले नाही, मारणाऱ्याचा वास वेगळा होता, मी तिला पुन्हा माणूस करीन, मारेकऱ्यालाही शोधून काढीन. गियू ऐकत नाही. मग ते लोटांगण, जे तुम्हाला खटकले. कपाळ बर्फाला लावून तो विनवतो, आणि गियू त्याच्यावर ओरडतो. मोठ्या चित्रात, मोठ्या अक्षरांत आलेल्या त्या ओरडण्याचा आशय असा, की जगायचे की मरायचे हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. तुझ्या विनवणीने कुठला शत्रू थांबणार आहे? हे वाक्य जपानमध्ये पुढे घरोघरी माहीत झाले. ओरडत असतानाच त्याच्या मनात मात्र वेगळेच चाललेले असते. या पोराचे घर गेले आहे, त्याचे दुःख मला कळते, पण रडण्याची ही वेळ नाही, याचा संतापच याला आज उभा करील, अशी त्याची तळमळ आपल्याला मनातल्या शब्दांच्या चौकटींत वाचायला मिळते. तंजिरोला त्यातले काही ऐकू येत नाही. बाहेर कठोर आणि आत हळवा माणूस एकाच पानावर दिसणे, हे चित्रकथेलाच इतक्या सहज जमते.

यानंतर गियू मुद्दाम नेझुकोच्या खांद्यात तलवार खुपसतो. तंजिरो दगड फेकतो, झाडांआडून धावतो, परत दगड फेकतो आणि सरळ त्याच्या अंगावर चाल करतो. गियूला वाटते, रागाने आंधळी झालेली मूर्ख चाल. तलवारीच्या मुठीचा एक तडाखा, आणि मुलगा बेशुद्ध. मग गियूच्या लक्षात येते, याच्या हातातली कुऱ्हाड कुठे गेली?

वर बघतो तर ती गरगरत खाली येते आहे. तो मान वळवतो म्हणून वाचतो, कुऱ्हाड शेजारच्या झाडात रुतते. झाडाआड जाताना तंजिरोने ती हवेत उंच भिरकावली होती आणि मग रिकामे हात लपवत धावत आला होता. आपण हरणार हे त्याने धरून चालले होते. आपण पडल्यावर तरी त्या माणसाला लागावे, असा त्याचा हिशेब होता.

‘हरणाऱ्या नायकामागे मुले का लागतात’ याचे माझे उत्तर ही कुऱ्हाड आहे. तेरा वर्षांचा, तलवार कधी हातात न धरलेला मुलगा कसलेल्या योद्ध्याला क्षणभर का होईना चकवतो, आणि ज्याने चकवतो ती वस्तू त्याच्या रोजच्या कामातली आहे. आदल्या दिवशी धाकट्या भावाला जमेल तेवढी लाकडे फोडून ठेव असे सांगून निघालेला हा मुलगा. कुऱ्हाड किती उंच फेकली की किती वेळाने कुठे पडेल, हे त्याच्या हाताला माहीत असणार. नवी शक्ती कोणी दिली नाही, होते तेच वापरले. मुलांना हे फार लवकर समजते, कारण त्यांच्यापाशीही स्वतःच्या हातापायांखेरीज दुसरे काही नसते. विनवणी वाया गेली, लढाई हरली, तरी तो मुलगा त्या प्रसंगात एकदाही बहिणीला सोडून मागे हटत नाही. त्याला हरलेला म्हणायला मुलांचे मन तयार होत नाही.

नेझुकोचा वाटाही तेवढाच मोठा. जखमी ओनीला भूक अनावर होते, अशा वेळी तो सख्ख्या आईबापांनाही खातो, हे गियूने पाहिलेले आहे. माझा माणूस मला खाणार नाही असे म्हणणारे लोकही त्याने पाहिले आहेत आणि त्यांचे काय झाले तेही. नेझुको सुटते, बेशुद्ध भावाकडे धावते, आणि त्याला खाण्याऐवजी त्याच्यापुढे हात पसरून उभी राहते. रात्री धाकट्याला अंगाखाली घेणारी हीच मुलगी होती. ओनी झाली, बोलता येईना, तरी तिची कृती तीच. गियू तलवार म्यान करतो. तंजिरोच्या शब्दांनी जे झाले नाही ते या दोघांच्या वागण्याने झाले. म्हणून गियूच्या ओरडण्यात जे कठोर तत्त्व होते, त्याला पुढच्या काही पानांत त्याच्याच डोळ्यांदेखत उत्तर मिळते. मुलगा शुद्धीवर येतो तेव्हा बहिणीच्या तोंडात बांबूचे नळकांडे बांधलेले असते. सागिरी डोंगराच्या पायथ्याशी साकोंजी उरोकोदाकी नावाचा म्हातारा राहतो, त्याच्याकडे जा, हिला उन्हात नेऊ नकोस, एवढे सांगून गियू निघून जातो. घरच्यांना पुरून भाऊ-बहीण हात धरून चालू लागतात.

क्रूरतेचे कारण आता सांगता येते. घर मारले गेले आणि नायक सूड घ्यायला निघाला, ही गोष्ट जगात हजार वेळा सांगून झाली आहे. इथे मारणाऱ्यांच्याच जातीची एक जण घरात उरली आहे. तंजिरोला ओनी मारायचे आहेत आणि एका ओनीला जपायचे आहे. त्यामुळे पुढे समोर येणाऱ्या प्रत्येक ओनीकडे बघताना त्याला विसरता येत नाही, की हाही कधी कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी आई असणार. मालिकेच्या 205 प्रकरणांचा जीव यात आहे. घर वाचले असते किंवा नेझुकोही गेली असती, तर उरली असती नुसती तलवारबाजी.

हे सगळे पहिल्याच फटक्यात सुचलेले नाही. गोतोगेंच्या मनात आधी याच जगातला, अपंग आणि अबोल असा वेगळा नायक होता. मालिका म्हणून ते नामंजूर झाले. संपादक तात्सुहिको कातायामा यांनी नंतर मुलाखतीत सांगितले आहे, की या जगात कोणी जरा उजळ, साधा माणूस नाही का, असे विचारल्यावर कोळसा विकणाऱ्या एका मुलाचा उल्लेख निघाला आणि तोच नायक ठरला. कोपऱ्यातल्या पात्राला मध्ये आणले, म्हणूनच बहुधा त्याच्या कोळशाला, टोपलीला, गिऱ्हाइकांना एवढी खरी जागा मिळाली.

उणीवही सांगते. या प्रकरणातली चित्रे सगळीकडे सारखी उतरलेली नाहीत. हातपाय काही ठिकाणी अवघडलेले आहेत, धावपळीच्या चौकटींत कोण कुठे आहे हे दोनदा बघावे लागते. डोळे आणि बर्फ मात्र पहिल्यापासून गोतोगेंचे स्वतःचे आहेत. कोरा कागदच बर्फ होतो आणि त्यावर काळ्या शाईचे माणूस एकटे पडते. मालिकेची कीर्तीही लगेच झाली नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये युफोटेबल स्टुडिओची ॲनिमेशन मालिका आली, तिच्या पहिल्या भागाने हेच प्रकरण जवळजवळ जसेच्या तसे पडद्यावर आणले, आणि त्यानंतर पुस्तकांचा खप उसळला, 2021 पर्यंत 15 कोटी प्रतींवर गेला. याच कथेवरचा 2020 चा ‘मुगेन ट्रेन’ जपानमध्ये तिकीटबारीवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये ‘इन्फिनिटी कासल’ आपल्याकडच्या चित्रपटगृहांत हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला, तुमच्या मुलाची मित्रमंडळी कदाचित तिथूनच मागे वळून पहिल्या प्रकरणाकडे आली असतील.

त्याला वाचू द्यावे का, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. नववीतल्या मुलाला जरूर द्यावे. जपानमध्ये ‘मुगेन ट्रेन’ला बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांचे मार्गदर्शन असावे असा दर्जा दिला होता, तो या पुस्तकांनाही लावायला हरकत नाही. पुढे रक्तपात वाढतो, मुंडकी उडतात, घरात धाकटे भावंड असेल तर त्याच्या हाती लगेच देऊ नका. तुम्हाला पुढे वाचायचे असेल तर पहिल्या खंडातली सातही प्रकरणे वाचा, उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय तेवढ्यात होते. दुसऱ्या प्रकरणात एका देवळात तंजिरोला त्याचा पहिला ओनी भेटतो. तो झाडाला खिळून पडलेला असतो, तंजिरोच्या हातात सुरी असते, उरोकोदाकी मागे उभा राहून बघत असतो, आणि याला कमीत कमी त्रासात कसे मारता येईल या विचारात तंजिरोचा हात थबकतो, तो थेट सूर्य उगवेपर्यंत. ते प्रकरण झाल्यावर मुलाला विचारा, या थबकण्याला उरोकोदाकी दोष मानतो, तुला काय वाटते? तो तुमच्याशी तासभर बोलेल.